कंपन्यांनी घरं घेऊ नयेत, असा कायदा केला तर काय होतं?

मे 2021 मध्ये आयर्लंडमध्ये एक बातमी आली आणि देश खवळला. डब्लिनजवळच्या मेनूथ गावात 170 घरांची नवी वसाहत उभी राहत होती. त्यातली 135 घरं एका गुंतवणूक कंपनीने एकगठ्ठा उचलली होती. गृहकर्ज मंजूर करून घेऊन घराच्या शोधात फिरणाऱ्या तरुण जोडप्यांच्या दृष्टीने ती घरं बाजारात यायच्या आधीच संपली होती. सरकारने फार वेळ लावला नाही. बारा महिन्यांत दहा किंवा त्याहून जास्त घरं घेणाऱ्याला 10 टक्के मुद्रांक शुल्क, असा नियम 20 मेपासून लागू झाला. एरवी दहा लाख युरोपर्यंतच्या घराला हे शुल्क 1 टक्का असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते 10 टक्के 15 वर नेले.

या नियमातून फ्लॅट मात्र वगळले. त्यावर बरीच टीका झाली, पण त्यामागे एक हिशोब होता. बैठी घरं टप्प्याटप्प्याने बांधता आणि विकता येतात. फ्लॅटची उंच इमारत अर्धी बांधून विकता येत नाही; तिच्यासाठी मोठी रक्कम सुरुवातीलाच उभी करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा अशाच फंडांकडून येते. त्यांना हाकलून लावलं तर इमारतच उभी राहणार नाही, ही भीती होती. तयार घर विकत घेणारा पैसा आणि नवं घर बांधायला लागणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याला हा फरक कळतो की नाही, यावर पुढचं पुष्कळसं अवलंबून असतं.

कंपन्यांची ही भूक आली कुठून? 2008 च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत लाखो कुटुंबांचे हप्ते थकले आणि घरं जप्त झाली. किमती कोसळल्या होत्या आणि सामान्य माणसाला कर्ज द्यायला बँका तयार नव्हत्या. अशा वेळी रोख पैसा ज्याच्या हातात, त्याचंच राज्य. 2012 च्या सुमारास मोठे फंड लिलावांत उतरले आणि अटलांटा, फीनिक्स, टॅम्पा, शार्लट अशा शहरांत हजारोंनी घरं घेत सुटले. 2013 मध्ये तर या घरांच्या भाड्यावर आधारलेले पहिले रोखे बाजारात आले. एखाद्या कुटुंबाचं महिन्याचं भाडं आता दूरच्या कुणा गुंतवणूकदाराचं व्याज झालं होतं.

आता आकडे बघू, कारण याच ठिकाणी वाद दोन टोकांना जातो. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 च्या मध्यापर्यंत मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांकडे साधारण साडेचार लाख स्वतंत्र घरं होती. देशभरातल्या भाड्याच्या स्वतंत्र घरांपैकी ही जेमतेम 3 टक्के. मग ओरड कसली, असं कुणीही विचारेल. पण तोच अहवाल सांगतो की अटलांटात हा वाटा 25 टक्के आहे, जॅक्सनव्हिलमध्ये 21 आणि शार्लटमध्ये 18. सरासरीने या प्रश्नावर पांघरूण घातलं आहे. घर शोधणारं कुटुंब देशभरात शोधत नाही. नोकरी आणि शाळा जिथून गाठता येतात, तेवढ्या चार-सहा वस्त्यांतच ते शोधतं, आणि त्याचा बाजार तेवढाच असतो.

एवढी घरं एका हातात गेल्याने भाडं वाढतं, हे सिद्ध कसं करायचं? ज्या वस्तीत कंपनीने घरं घेतली तिथे भाडं वाढलं, एवढं दाखवून भागत नाही. कदाचित भाडं वाढणार हे ओळखूनच कंपनी तिथे गेली असेल. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी यातून छान वाट काढली. त्यांनी घरं भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची विलीनीकरणं तपासली. दोन कंपन्या एक होतात तेव्हा तो निर्णय वरच्या पातळीवर झालेला असतो, अमुक एका गल्लीकडे पाहून कुणी तो घेत नाही. त्यामुळे ज्या वस्त्यांत दोन्ही कंपन्यांची घरं होती, तिथे रातोरात स्पर्धक कमी होतो आणि बाकीच्या वस्त्या जशाच्या तशा राहतात. या दोन प्रकारच्या वस्त्यांची तुलना केल्यावर दिसलं, की पहिल्या प्रकारात भाडं वाढलं. त्याच वस्त्यांत गुन्हे कमी झाले, हेही त्याच अभ्यासात आढळलं. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत आणि दोन्ही सांगितले पाहिजेत.

भाड्यापलीकडचा मुद्दा मला जास्त सलतो. अटलांटाचा समावेश असलेल्या फुल्टन काउंटीत घर खाली करण्याच्या नोटिसांचा अभ्यास झाला. लहान घरमालकांच्या तुलनेत मोठ्या कंपन्या अशा नोटिसा काढायला जास्त तत्पर असल्याचं त्यात दिसलं. काही कंपन्यांनी तर एका वर्षात आपल्या सुमारे एक तृतीयांश भाडेकरूंवर त्या बजावल्या होत्या. दहा दिवस थांबा, पगार झाला की देतो, हे ऐकून घ्यायला समोर माणूसच नसेल तर असंच होणार.

या पार्श्वभूमीवर बंदीचे कायदे आले. त्यातला सगळ्यात अभ्यासण्याजोगा नेदरलँड्सचा आहे. 1 जानेवारी 2022 पासून तिथल्या नगरपालिकांना एक अधिकार मिळाला. ठरावीक वस्त्यांमध्ये, ठरावीक किमतीखालचं घर विकत घेतलं तर पुढची चार वर्षं ते भाड्याने देता येणार नाही. रॉटरडॅमने 16 वस्त्या निवडल्या आणि किमतीची मर्यादा 3 लाख 55 हजार युरो ठेवली. या कायद्याची रचना मला फार आवडते. घेणारा कंपनी आहे की व्यक्ती, हे तो विचारतच नाही. घराचं पुढे काय होणार, एवढंच विचारतो. त्यामुळे वेगवेगळ्या नावांनी कंपन्या काढून पळवाट शोधण्यात अर्थ उरत नाही.

संशोधकांच्या दृष्टीने ही आयती चाचणी होती. औषधाच्या चाचणीत एका गटाला औषध देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत, तसंच इथे काही वस्त्यांत बंदी होती आणि शेजारच्या वस्त्यांत नव्हती. व्याजदर, महागाई, लोकांची आवक यांचा परिणाम दोन्हीकडे सारखाच झालेला असणार. बंदीच्या वस्त्यांत कायद्याआधी आणि नंतर पडलेल्या फरकातून, बंदी नसलेल्या वस्त्यांत त्याच काळात पडलेला फरक वजा केला, की उरतो तो बंदीचा परिणाम.

निकाल असा आला. गुंतवणूकदारांची खरेदी घटली. पहिलंच घर घेणाऱ्यांचा वाटा वाढला. म्हणजे कायद्याचा उघड हेतू साधला. घरांच्या किमती मात्र लक्षात येण्याइतक्या हलल्या नाहीत. आणि भाडं सुमारे 4 टक्क्यांनी वाढलं.

किमती का उतरल्या नाहीत? एका घरावर दहा जणांची बोली लागली आहे असं धरा. त्यातला कंपनीचा माणूस बाजूला केला तरी नऊ उरतात, आणि पहिल्या दोघा-तिघांच्या बोलीत अंतर थोडंच असतं. टंचाई असलेल्या शहरात एक बोलीदार गेला की त्याची जागा घ्यायला जवळपास तेवढीच ऐपत असलेला दुसरा उभाच असतो. भाड्याचं गणित वेगळं आहे. भाड्याचं घर मालकाच्या राहत्या घरात बदललं की भाड्याच्या बाजारातून एक घर कमी होतं. वर, भाड्याच्या घरात माणसं सहसा दाटीने राहतात. जिथे तिघे खोल्या वाटून राहत होते, तिथे एक जोडपं येतं. तिघांना दुसरीकडे घर शोधावं लागतं आणि उरलेल्या घरांवर रांग वाढते.

रॉटरडॅममधली ही रांगेतली माणसं कोण होती, तेही अभ्यासात आहे. गुंतवणूकदारांनी घेतलेल्या घरांत राहणारे भाडेकरू तरुण, कमी उत्पन्नाचे आणि स्थलांतरित पार्श्वभूमीचे असण्याची शक्यता जास्त होती. बंदीनंतर त्या वस्त्यांत राहणारी माणसं बदलली आणि उत्पन्नाची पातळी वर सरकली. थोडक्यात, मध्यमवर्गीय कुटुंबाला मिळालेल्या घराची किंमत काही अंशी त्याहून गरीब भाडेकरूने मोजली. म्हणून बंदी नकोच, असं मी म्हणणार नाही. स्वतःचं घर असण्याला, उद्या कुणी काढणार नाही या खात्रीला मोल आहे. पण भाड्याची नवी घरं बांधण्याची सोय न करता नुसती बंदी आणणारं सरकार एका गरजूचं दुःख दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतं.

इतर देशांनी बंदीऐवजी वेगळे अडसर उभे केले आहेत. सिंगापूरमध्ये एप्रिल 2023 पासून कंपन्यांना घरखरेदीवर 65 टक्के जादा मुद्रांक शुल्क लागतं. दक्षिण कोरियाने 2020 मध्ये कंपन्यांसाठी खरेदीकर 12 टक्क्यांवर नेला. न्यूयॉर्क राज्याने 2025 मध्ये वेळेचा अडसर घातला. एक किंवा दोन कुटुंबांचं घर विक्रीला निघाल्यावर पहिले 90 दिवस मोठ्या गुंतवणूकदाराला त्यावर बोली लावता येत नाही. हा उपाय नेमक्या जागी बोट ठेवतो. घर विक्रीला आलं की कंपनीचं सॉफ्टवेअर लगेच त्याचा भाव काढतं आणि रोखीची बोली जाते. कर्जावर घर घेणाऱ्याला मूल्यांकन, मंजुरी, कागदपत्रं यांत काही आठवडे लागतात. दोघांची किंमत सारखी असली तरी विकणारा रोखीवाल्यालाच पसंती देतो. तीन महिन्यांच्या मुभेने ही आघाडी बोथट होते.

डेन्मार्कची वाट आणखी निराळी. तिथे गुंतवणूकदार जुन्या इमारती घेत, दुरुस्ती करत आणि भाडं कितीतरी वर नेत. 2020 च्या कायद्याने असं सांगितलं की इमारतीची मालकी बदलल्यावर, काही अपवाद सोडता, पाच वर्षं दुरुस्तीच्या नावावर अशी भाडेवाढ करता येणार नाही. खरेदीला मनाई नाही, पण घाईच्या नफ्याचं गणित मोडलं. भाडेकरूला मात्र आहे त्याच घरात राहता आलं, आणि माझ्या मते हीच या कायद्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

या सगळ्या नियमांना एक कीड लागू शकते, ती म्हणजे उंबरठ्याचा आकडा. बारा महिन्यांत दहा घरांवर शुल्क म्हटलं की नऊ घरं घेऊन थांबायचा मोह होतो. अमुक घरांच्या मालकाला मोठा गुंतवणूकदार म्हटलं की तीच घरं वीस वेगळ्या कंपन्यांच्या नावांवर विखुरता येतात. सातबाऱ्यावरच्या नावामागे खरा मालक कोण, याची उघडी नोंद नसेल तर उंबरठा कागदावरच राहतो. अमेरिकेच्या त्या अहवालातही हीच अडचण आहे. संस्थात्मक गुंतवणूकदार कुणाला म्हणायचं, याची सर्वमान्य व्याख्याच नाही, त्यामुळे एका अभ्यासाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. खरेदीवर मर्यादा घालणाऱ्या कोणत्याही कायद्याचं पहिलं कलम खऱ्या मालकाच्या नोंदीचं असायला हवं, आणि ती नोंद संशोधकांना आणि भाडेकरूंना पाहता यायला हवी.