लाइनमन, चुंबकीय क्षेत्र आणि सरासरीचा घोळ

1970च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत स्विचयार्डांतल्या (उच्च दाबाची वीज जोडण्या-तोडण्याच्या आवारांतल्या) कामगारांच्या डोकेदुखीच्या, थकव्याच्या तक्रारी बाहेर आल्या, तेव्हा संशय विद्युतक्षेत्रावर होता. धातूचे धागे विणलेला सूट ते अडवतो. चालू लाइनला थेट हात लावणारे लाइनमन तो घालतात. चुंबकीय क्षेत्र मात्र त्यातून आरपार जातं. 1982 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मृत्युनोंदींत वीजकामगारांमध्ये रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) जास्त दिसला आणि संशय तिकडे वळला.

मोठे अभ्यास नव्वदीतले. 1994 मध्ये कॅनडा-फ्रान्समधल्या तीन वीजकंपन्यांचे 2,23,292 पुरुष कामगार तपासले गेले. ल्युकेमियाच्या एका प्रकाराशी संबंध दिसला, पण तिन्ही कंपन्यांचे आकडे जुळेनात. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पाच कंपन्यांच्या 1,38,905 जणांत ल्युकेमियाचा संबंध जवळपास दिसला नाही, मेंदूच्या कर्करोगाचा दिसला.

इथे 'एक्सपोजर', म्हणजे कामगाराचा क्षेत्राशी आलेला संपर्क, नेमका कसा मोजला, हे पाहायलाच हवं. त्या अमेरिकी अभ्यासात 2,842 पाळ्यांमध्ये क्षेत्र मोजलं, त्यावरून कामाच्या प्रकारानुसार सरासरी काढली आणि ती जुन्या नोकरीच्या नोंदींना लावली. हजार अँपिअर वाहणाऱ्या तारेपासून 20 सेंटिमीटरवर सुमारे 1,000 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र असतं. लाइनमन तिथे तासभर असतो, उरलेली पाळी गाडीत, खांबाखाली, कागदपत्रांत जाते. सरासरीत तो तास विरघळतो. तो तास महत्त्वाचा की वर्षांची बेरीज, हे न ठरवता संबंध 'कमकुवत' म्हणणं मला घाईचं वाटतं.

मर्यादा ठरवताना तर तिसरंच माप वापरलं गेलं. कामगारांसाठी 50 हर्ट्झला, म्हणजे नेहमीच्या विजेच्या वारंवारितेला, ICNIRP या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने 1998 मध्ये सुचवलेली पातळी 500 मायक्रोटेस्ला होती, 2010 मध्ये ती 1,000 झाली. दोन्ही वेळा आधार मज्जातंतू तत्काळ उत्तेजित होण्याचा. कर्करोगाचा पुरावा पुरेसा नाही म्हणून बाजूला ठेवला. मधल्या काळात, 2002 मध्ये, बालकांमधल्या ल्युकेमियाच्या अभ्यासांवरून हे क्षेत्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात गेलं होतं. तरी दुप्पट मर्यादेची बातमी 'धोका कमी निघाला' अशीच वाचली गेली.

युरोपच्या 2013च्या निर्देशात हातापायांसाठी वेगळी, 18,000 मायक्रोटेस्लाची पातळी आहे. दीर्घकालीन परिणामांचा संशय या निर्देशाच्या कक्षेत येत नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे.