चंद्रावरचा धोबीपछाड

विज्ञान मालिका लिहिताना विज्ञानाला कोणत्या टप्प्यावर आत घेतलं, यावर त्या मालिकेचं बरंवाईट ठरतं. आपल्याकडे मालिकेचं लेखन साधारण तीन हातांतून जातं. एक जण कथा आणि तिचा विस्तार करतो, दुसरा पटकथा बांधतो, तिसरा संवाद लिहितो. विज्ञान जाणणाऱ्या माणसाला बोलावणं येतं ते सहसा अगदी शेवटी, "जरा शब्द तपासून द्या" एवढ्यापुरतं. अमेरिकेतही हे चालत आलंय. 'स्टार ट्रेक'च्या नंतरच्या मालिकांत लेखक संवादामध्ये नुसतं 'टेक' असं लिहून जागा सोडत आणि विज्ञान सल्लागार मागाहून तिथं भारदस्त शब्द भरत. मला ही पद्धत मनापासून पटत नाही. शब्द शास्त्रीय होतात, पण गोष्टीला विज्ञानाचा वाराही लागलेला नसतो.

त्याच मालिकेत उमेदवारी केलेले नरेन शंकर हे कॉर्नेल विद्यापीठातून अप्लाइड फिजिक्सची पीएच.डी. घेऊन लेखनाकडे वळलेले. त्यांनी पुढे 'द एक्सपान्स' या मालिकेची सूत्रं सांभाळली. तिथली यानं अर्ध्या वाटेत तोंड फिरवून इंजिनाच्या जोरावरच वेग कमी करतात, कारण अवकाशात अडवायला हवाही नाही आणि रस्ताही नाही. नियम आधी आला, त्यातून प्रसंग सुचले.

कोल्हापुरात आमचा एक लहानसा गट अशीच एक मालिका लिहितो आहे. मी त्यात विज्ञानाच्या बाजूनं आहे. गावाला या कामाची दोन्ही अंगं लाभलेली आहेत. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः घडवला. जयंत नारळीकरांचा जन्मही इथलाच, १९३८ सालचा. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

आमची नायिका इथल्या तालमीत घडलेली कुस्तीगीर आहे. शिक्षणानं ती इंजिनिअर, आणि कामासाठी लांब गेलेली. किती लांब, हा पहिला वाद झाला. गटाला मंगळ हवा होता, मी चंद्रावर अडून बसलो. कारण साधं होतं: आई. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही आपला आवाज तिथं पोचायला रेडिओलहरींना तीन मिनिटं लागतात, आणि तो सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा बावीस. एवढ्या अंतरावर फोन होत नाही, फक्त निरोप धाडता येतात. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तिथं बोलणं जायला सव्वा सेकंदाहून किंचित जास्त आणि उत्तर यायला तेवढंच, म्हणजे जाऊन-येऊन अडीच सेकंद. या अडीच सेकंदांत फोन तर होतो, पण धड होत नाही. आणि नाटकाला नेमकं तेच हवं असतं.

मंगळवार पेठेतल्या घरातून आई विचारते, "जेवलीस का?" पलीकडून शांतता. आईला ती सोसत नाही. ती लगेच दुसरा प्रश्न टाकते, "तुला बरं नाही का गं?" आणि त्याच क्षणी लेकीचा आवाज येतो, "हो आई, मघाशीच." हे 'हो' पहिल्या प्रश्नाचं होतं. आईला ते दुसऱ्याचं वाटतं. तिचा चेहरा उतरलेला लेकीला सव्वा सेकंदानं दिसतो, तोवर लेक हसून पुढचं काही बोलून गेलेली असते. या प्रसंगात आम्ही एकही शास्त्रीय शब्द वापरलेला नाही. प्रकाशाच्या वेगानंच तो लिहिला.

कुस्तीचा प्रसंग मात्र आम्हाला सहज सुटला नाही. चंद्रतळावर दमट, कोंदट हवेच्या बंद दालनात नायिका एका सहकाऱ्याशी लढते. त्याला एकही डाव येत नाही, पण चंद्रावर तो मुरलेला आहे. पहिल्या खर्ड्यात नायिका त्याला धोबीपछाड मारून पहिल्याच मिनिटाला चितपट करत होती. मी तो खर्डा घेऊन एका जुन्या वस्तादांकडे गेलो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात त्यांनी उमेदीची वर्षं घालवलेली. चंद्रावर सगळ्या वस्तूंचं वजन एक षष्ठांश होतं, हे मी त्यांना सांगितलं. साठ किलोची पोरगी तिथं दहा किलोइतकीच दाबते. त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, मग पायच धरंनात. पाय धरंनात तर डाव बसायचा कसा?"

भौतिकशास्त्राचं पुस्तक हेच सांगतं. पाय जमिनीला धरून राहतात ते घर्षणामुळं, आणि घर्षण किती मिळणार हे जमिनीवरच्या दाबावर ठरतं. वजन सहापट घटलं की पायांची पकडही सहापट घटली. पण अंगातलं द्रव्य काही घटलेलं नाही. समोरच्याला उचलून धरणं सोपं झालं, तरी त्याला ढकलून हलवायला पूर्वीइतकाच जोर लागतो. तो जोर लावायला जाल तर आपलेच पाय मागं सरकतात. आता धोबीपछाड घ्या. प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून पुढं फेकताना त्याला जेवढा धक्का मिळतो, तेवढाच उलटा आपल्याला मिळतो. कोल्हापुरात तो धक्का पायांतून मातीत जिरतो. चंद्रावर तो जिरायला जागा नाही, त्यामुळं फेकणाराही उलट दिशेला भेलकांडतो.

पुढं आणखी गंमत आहे. पाठीवर पडणाऱ्या माणसाला सव्वा मीटर खाली यायचंय असं धरू. पृथ्वीवर त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तो ताशी १८ किलोमीटर वेगानं आदळतो. चंद्रावर तेवढ्याच उंचीवरून सोडलं तर सव्वा सेकंद लागतो आणि वेग ताशी सातच्या आसपास राहतो. सव्वा सेकंद हा कुस्तीत फार मोठा वेळ आहे. तेवढ्यात माणूस हवेतल्या हवेत अंग फिरवून पोटावर येऊ शकतो, कशाचाही आधार न घेता. मांजर हेच करतं. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९४ साली पडत्या मांजराची ओळीनं छायाचित्रं घेतली, तेव्हा जाणकारही चक्रावले होते. धडाचा पुढचा भाग एकीकडं आणि मागचा दुसरीकडं वळवत मांजर स्वतःला फिरवतं. त्याचं नीट गणित केन आणि शेर या दोन संशोधकांनी १९६९ साली मांडलं, आणि अंतराळवीराला अधांतरी असताना अंग कसं वळवता येईल याचा विचारही त्याच सुमाराला चालू होता.

म्हणजे चंद्रावर पाठ टेकवणंच अवघड. टेकलीच तरी वरून दाबून धरायला तुमच्याकडं दहा किलोचं वजन, खालचा एका झटक्यात तुम्हाला उडवून देणार. आमची कथा इथं उलटली. नायिका पहिली कुस्ती हरते, डाव न येणाऱ्या माणसाकडून हरते, आणि का हरलो हे तिला कळत नाही. हे पराभवाचं कोडं आता चार भाग पुरतं. वजनावर चालणारे डाव सोडून पकडीवर चालणारे डाव ती शोधत जाते: पायांची मिठी, मनगटाचा विळखा, समोरच्याला स्वतःलाच बांधून घेणं. हे डाव सुचवले वस्तादांनी. मी फक्त कुठला टिकेल आणि कुठला नाही, एवढं सांगत गेलो. पटकथेच्या टेबलावर मला मिळालेला हा सगळ्यात मोठा आनंद आहे.

मातीचा प्रश्न लवकर मिटला. तालमीच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. चंद्राच्या मातीला वारापाण्यानं कधी घासलेलं नाही, तिचे कण काचेसारखे धारदार असतात. १९७२ साली अपोलो १७ मधले भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांचं नाक त्या धुळीनं चोंदलं होतं. अशा मातीत उघड्या अंगानं लोळणं शक्य नाही, तेव्हा आखाड्याला मॅट आली. ती माती तळाच्या छतावर मात्र हवी. चंद्रयान-३ च्या उपकरणानं ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवलं, की पृष्ठभागाचं तापमान ५० अंशांच्या आसपास असताना ८ सेंटिमीटर खाली ते उणे १० होतं. एवढं चांगलं पांघरूण पृथ्वीवरून न्यायची गरज नाही.

राहिला कॅमेरा. बाबूराव पेंटरांच्या काळात हँडल हातानं फिरवत, आणि ते जोरात फिरवलं की पडद्यावरची चाल मंद व्हायची. आपण तेच आकड्यात करू शकतो. चंद्रावर पडायला पृथ्वीच्या सुमारे अडीच पट वेळ लागतो, म्हणून टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम दाखवायच्या असतील तर चित्रण ६१ फ्रेमनं करायचं. पडणं, उडी, केसांची वेणी खाली येणं, सगळं बरोबर दिसतं. पण गुरुत्वाकर्षण कमी झालं म्हणून माणसाची पापणी सावकाश लवत नाही, आणि मनगट पकडायला जाणारा हातही मंदावत नाही. सरसकट संथ केलेली कुस्ती म्हणूनच पाण्याखालची वाटते.

यावर दिग्दर्शकानं तोडगा काढला. चेहरे आणि हातांचे जवळचे शॉट नेहमीच्या वेगानं घ्यायचे, अख्खं अंग दिसणारे शॉट तेवढे ६१ फ्रेमनं. त्या शॉटमध्ये हात खरे वाटायचे तर नटांनी ते अडीच पट झपाट्यानं चालवायला हवेत, आणि पडायचं मात्र नेहमीसारखंच. दोघेही नट सध्या तालमीत वस्तादांपुढं तेवढंच घोटतायत.