जुना सुटा सायकलभाग : ओळख व पारख

सायकलीपासून वेगळा झालेला, खोके आणि कागद हरवलेला एखादा भाग कशाचा आहे, कोणत्या मापाचा आहे, किती झिजला आहे आणि पुन्हा रस्त्यावर नेण्याजोगा आहे का, हे ठरवण्याची कारागिरी. पुण्यात तिला वाव मोठा. हे शहर सायकलींचे म्हणून ओळखले जाई, पेठांमधून तासाच्या भाड्याने सायकल मिळे. त्या काळातल्या सायकलींचे अवशेष अजून वाड्यांच्या माळ्यांवरून खाली येतात. मंगळवार पेठेत दर रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगाऱ्यात हब (चाकाचा मधला गाभा), क्रँक (पायडल जोडायचा दांडा), पायडल सापडतात. त्यांत आता गिअरच्या सायकलींचे भागही मिसळले आहेत.

बहुतेक जण आधी नाव शोधतात. नाव उपयोगी पडते, पण ते सर्वांत शेवटी वाचावे. भाग कशाला बसतो हे सांगतात त्याचे आटे, छिद्रे आणि रुंदी. म्हणून बाजारात जाताना खिशात व्हर्निअर कॅलिपर, आटे मोजायची पट्टी, लहान चुंबक आणि एक फडके असावे. ज्याला भाग जोडायचा तो जोडीदार तुकडा सोबत नेता आला तर फारच उत्तम.

आट्यांनी फसवणूक कशी होते ते बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे सांगाड्यात जिथे क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागेच्या, दोन्ही बाजूंना आट्यांनी बसणाऱ्या कपांत दिसते. इंग्लिश मापाच्या कपाला इंचाला २४ आटे असतात आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन मापात दोन्ही कप सुलट्या आट्यांचे, व्यास ३६ मिमी. रॅले या इंग्लिश कंपनीच्या जुन्या सायकलींचा प्रकार आणखी वेगळा: व्यास जवळपास इंग्लिश मापाचाच, पण इंचाला आटे २६. असा कप साध्या इंग्लिश मापाच्या सांगाड्यात एक-दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे पान्याला जोर दिला की कप आणि सांगाडा, दोघांचेही आटे जातात. अडले की थांबावे, पट्टी लावून मोजावे. पायडलला डावीकडे उलटे आटे असतात. बाजारात एकटे पडलेले पायडल डावे की उजवे, हे एवढ्यावरून कळते.

हबची छिद्रे मोजणे सोपे आणि फायद्याचे. इंग्लिश वळणाच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. म्हणून ४० छिद्रांचे जड हब दिसले की ते मागच्या चाकाचे. ते फुगीर असेल, एक्सलचे टोक पोकळ असेल आणि त्यातून बारीक साखळी बाहेर येत असेल, तर ते तीन गिअरचे हब आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचे ‘एडब्ल्यू’ हे १९३६ साली आलेले हब यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या बाहेरच्या कवचावर वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. हे हब बाजारातच तपासता येते. एक्सल घट्ट धरावा, साखळी सैल सोडावी, दातेरी चक्रावर आणि कवचावर खडूची खूण करावी. चक्राचे तीन फेरे झाले की कवचाचे चार व्हायला हवेत. साखळी पूर्ण ओढून धरली की उलट, चक्राच्या चार फेऱ्यांना कवचाचे तीन. एवढे जमले तर आतली दातेरी चाके शाबूत असण्याची शक्यता मोठी. हब जाम वाटले तरी लगेच टाकू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेले तेल डिंकासारखे होते आणि रॉकेलने पुष्कळदा सुटते.

इतर हबांत आणि पायडलांत एक्सल दोन बोटांनी अगदी हळू फिरवावा. सगळीकडे सारखी खरखर असेल तर वंगण मळले आहे. ठरावीक जागी खटका लागत असेल तर कोन (एक्सलवरचा, छऱ्यांना टेकणारा निमुळता तुकडा) किंवा छर्‍यांची वाट खड्डे पडून खराब झाली आहे. कोन बदलता येतो, हबमध्ये ठोकून बसवलेली वाट सहसा बदलत नाही.

नावाकडे आता यावे. शिमानो या जपानी कंपनीच्या भागांवर दोन अक्षरे आणि एक क्रमांक असतो: ‘आरडी’ म्हणजे मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), ‘एफसी’ म्हणजे पुढचे चेनव्हील (क्रँकचे दातेरी चक्र), ‘बीआर’ म्हणजे ब्रेक. याखेरीज कोपऱ्यात दोन अक्षरांची वेगळी खूण मिळाली तर पहिले अक्षर वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी. वर्षाची मोजणी १९७६ पासून, त्यामुळे ‘ए’ हे अक्षर १९७६चेही असू शकते आणि २००२चेही. मात्र त्याच कंपनीचा साधा टुर्नी आणि स्पर्धेचा ड्युरा-एस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून नुसते ‘शिमानो आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य किमतीला आधार देत नाही. जुन्या इंग्लिश सायकलींची खूण चेनव्हीलवरच कोरलेली असे: रॅलेचा बगळा, हंबरची धावती माणसे, बीएसएची अक्षरे. असा भाग सायकलीवर कुठे आणि कसा बसे, हे पाहायला कर्वेनगरातले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय चांगले.

दर्जाची पहिली चाचणी चुंबकाची. चंदेरी रंग दिलेल्या पोलादाला तो चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला चिकटत नाही. दुसरी चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते: भाग खोलता येतो का? रिबिटांनी कायमचा जोडलेला, पत्रा दाबून केलेला डिरेल्युअर सैल झाला की संपला. स्क्रूंनी जोडलेल्याची चाके बदलता येतात, साफसफाई होते. चेनची परीक्षा तर पट्टीनेच होते. बारा पूर्ण कड्यांची (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) लांबी बरोबर १२ इंच हवी. ती एक षोडशांश इंचाने वाढली तर चेन बदलायची, एक अष्टमांशाने वाढली तर चक्रांचे दातेही गेले समजायचे.

अ‍ॅल्युमिनियमचे हँडल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा दांडा) आणि क्रँक यांच्या बाबतीत तडजोड करू नये, कारण तुटले तर पडणारा माणूस आहे. क्रँकला पायडलच्या छिद्राजवळ आणि एक्सलच्या चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यांत पाहावे. बोल्ट सैल ठेवून चालवलेल्या क्रँकचा चौकोन गोलसर होतो आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. तडा मात्र डोळ्यांना चुकवतो. संशयाच्या जागी रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे, फडक्याने कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटवते.