डेडलिफ्टमध्ये पाठीचं काम म्हणजे जागचं न हलणं

मागच्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी डेडलिफ्ट मारली (म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनचा जिना चढताना जी काय वाट लागली ती विचारू नका, पण गंमत अशी की पाठ अजिबात दुखत नव्हती, दुखत होतं मांडीच्या आतल्या बाजूला, पार वर, म्हणजे चारचौघात हात लावून दाखवताही येणार नाही अशा जागी.

आमचं जिम नौपाड्यात आहे, तळमजल्याला, आणि तिथे एक रिटायर झालेले काका रोज आमच्याआधी हजर असतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग तू चुकीची मारलीस रे, डेडलिफ्ट पाठीची असते ना?" भिंतीवरच्या चार्टवरही ती बॅक डेच्या खालीच लिहिलीये, त्यामुळे काकांचा दोष नाही. म्हटलं, "काका, तुमचं निम्मं बरोबर आहे." उरलेलं निम्मं सांगायला दोन सेटच्या मधली विश्रांती पुरली नाही, म्हणून इथे लिहितोय.

कोणीतरी डेडलिफ्ट मारत असेल तेव्हा बाजूने बघा. बार जमिनीवरून मांडीपर्यंत येतो, आणि तेवढ्या वेळात दोनच सांधे मोठे उघडतात, गुडघा आणि खुबा. नीट मारणाऱ्याचा पाठीचा कणा सुरुवातीला जसा दिसतो तसाच शेवटी दिसतो, फक्त आख्खा तिरपा होता तो उभा झाला. म्हणजे मणके एकमेकांच्या तुलनेत हललेच नाहीत. पण मग पाठीचे स्नायू बसून होते का, तर नाही, आणि इथे ठाणेकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. दहीहंडीतला खालच्या थराचा गोविंदा आठवा. तो जागचा हलत नाही, हंडी फोडत नाही, टीव्हीवरही दिसत नाही, पण घामाघूम सगळ्यात जास्त तोच होतो आणि तो हलला की वरचे सगळे खाली. लांबी न बदलता नुसतं ताण धरून राहायचं या कामाला आयसोमेट्रिक म्हणतात, आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी उभे जे जाड दोर असतात, इरेक्टर स्पायनी, ते डेडलिफ्टभर हेच करत असतात.

किती ताण? हे शाळेतल्या तरफेच्या गणितानेच निघतं. समजा बार ६० किलोचा आहे आणि कमरेच्या खालच्या मणक्यापासून आडवं अंतर मोजलं तर तो ४० सेंटीमीटर पुढे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे अगदी चिकटून असल्यामुळे त्यांना तरफेचं अंतर मिळतं जेमतेम ६ सेंटीमीटर. ६० गुणिले ४० भागिले ६, झाले ४०० किलो. यात तुमचं स्वतःचं धड, डोकं, हात धरलेलेच नाहीत, त्यांचं वजन वेगळं. आता बार फक्त ५ सेंटीमीटर पुढे सरकवा, ४० चे ४५ करा, उत्तर येतं ४५०. प्लेट एकही वाढवली नाही आणि पाठीवर ५० किलो वाढले! आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे बदलतील, पण बार नडगीला घासत वर न्या असं ट्रेनर का ओरडतो ते यात आलं. आणि ऑफिसमधला २० लिटरचा पाण्याचा जार हात लांब करून, वाकून उचलताना कमरेत उसण का भरते तेही आलं.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार बघितलेत का कधी? तिथे गोणी जमिनीवरून पाठीवर जाते ती बऱ्याचदा दोघातिघांच्या हाताने, एकट्याने हात लांब करून नाही, आणि एकदा पाठीवर बसली की तिचं वजन जवळपास पायांवरून जातं, आडवं अंतर उरतच नाही फारसं. हेच गणित, फक्त कागदावर न मांडलेलं. (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती, आमच्या जिममधली पोरं वॉर्मअपलाच तेवढं लावतात, पण ती दिवसातून पाच वेळा उचलतात, गोणीवाला दिवसभर.)

तर पाठ धरून ठेवते. उचलतं कोण?

पहिला मान कुल्ल्याचा, ग्लुटियस मॅक्सिमस. आकाराने शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू हाच. सपाट रस्त्यावर आरामात चालताना याला फारसं काम नसतं, जिना चढताना, पळताना, खाली बसून उठताना हा जागा होतो, आणि डेडलिफ्टमध्ये खुबा उघडायचं मुख्य काम याचंच. बार गुडघ्याच्या वर आला की शेवटचं ताठ उभं राहणं बरंचसं याच्या जिवावर.

त्याच्या जोडीला मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग. हे विचित्र प्राणी आहेत, कारण ते दोन सांध्यांवरून जातात, खुब्याच्या खालच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली चिकटतात. म्हणजे ते आखडले की खुबा उघडतो आणि गुडघा मात्र वाकतो. आता डेडलिफ्टमध्ये तर गुडघा सरळ करायचाय! आणि गुडघा सरळ करणारे मांडीच्या पुढचे क्वाड्रिसेप्स त्याच वेळी जोर लावत असतात, म्हणजे पुढचा आणि मागचा दोघंही एकाच वेळी खेचतायत आणि तरी माणूस उभा राहतो. खुर्चीतून उठतानाही हेच होतं आणि वॉरन लोंबार्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये हे कोडं मांडलं, म्हणून त्याला लोंबार्डचा विरोधाभास म्हणतात. उत्तर असं की हॅमस्ट्रिंगला खुब्यापाशी तरफेचं अंतर जास्त मिळतं आणि गुडघ्यापाशी कमी, त्यामुळे खुबा उघडण्यात ते जिंकतात, गुडघ्यात क्वाड्स जिंकतात आणि सगळी बेरीज उभं राहण्याकडे जाते. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा एवढी आवडली होती की दोन दिवस मी खुर्चीतून उठताना मांडीला हात लावून बघत होतो.

क्वाड्सचं मोठं काम सुरुवातीलाच असतं, बार जमीन सोडतो तेव्हा. आणि ते सोडणंच डेडलिफ्टमध्ये जड जातं, कारण स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकीत, तुम्ही आधी खाली जाता, स्नायू ताणले जातात आणि त्या ताणाचा थोडा उसळीसारखा फायदा वर येताना मिळतो, इथे वजन मेल्यासारखं जमिनीवर पडलेलं, उसळी वगैरे काही नाही.

आणि आता माझं दुखणं. मांडीच्या आत अ‍ॅडक्टर मॅग्नस नावाचा एक मोठा स्नायू असतो. पुस्तकात त्याचं काम लिहिलेलं असतं पाय आत ओढणं, त्यामुळे डेडलिफ्टशी त्याचा संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण त्याचा मागचा भाग खुबा उघडायलाही मदत करतो, विशेषतः खुबा खूप वाकलेला असतो तेव्हा, म्हणजे बरोबर बार जमिनीवर असताना. त्यात मी बार सावकाश खाली ठेवत होतो, आणि ताणला जात असताना जोर लावावा लागला की स्नायू दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो. सुटलं कोडं. मी चुकीची मारली नव्हती काका!

बार अंगाला चिकटून ठेवायचं काम काखेखालच्या रुंद लॅट्सचं. ते दंडाच्या हाडाला मागे ओढतात, त्यामुळे बार पुढे पळत नाही, म्हणजे वरच्या गणितातले ते ५ सेंटीमीटर हे वाचवतात. ट्रॅप्स, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू, खांदे लोंबू देत नाहीत. हातांनी ओढायचं नसतं, हात म्हणजे नुसते दोर.

पोट विसरू नका. छातीभर श्वास घेऊन, दाबून धरून, पोट कडक केलं की आतला दाब वाढतो आणि कण्याला पुढून आधार मिळतो. वजन उचलताना कमरेला बांधतात त्या बेल्टचंही तेच, बेल्ट पाठ धरत नाही, पोटाला ढकलायला भिंत देतो. श्वास कोंडून जोर करण्याला वलसाल्वा म्हणतात, नाव एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं, आणि त्याने १७०४ च्या पुस्तकात हे सांगितलं होतं ते चक्क कानासाठी. पण यात एक गोष्ट गमतीची नाही. १९८५ मध्ये कॅनडात पाच बॉडीबिल्डरांचा रक्तदाब धमनीत नळी घालून मोजला होता, जड लेग प्रेसच्या वेळी (म्हणजे मशीनवर पायांनी वजन ढकलताना) सरासरी ३२० बाय २५० आला. काही सेकंदांपुरताच, पण ज्यांना बीपी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास कोंडून जड वजनाच्या नादी लागू नये. काकांना बीपी आहे, म्हणून हे जरा जोरात लिहितोय.

बऱ्याच जणांचं सगळ्यात आधी काय सुटतं, तर मूठ. कुल्ले, मांड्या, पाठ सगळे तयार असतात आणि बार बोटांतून निसटतो. बोटं मिटवणाऱ्या मोठ्या स्नायूंची पोटं कोपराखाली असतात, बोटांत येतात त्या नुसत्या दोऱ्या, म्हणून मूठ थकली की दुखतं मनगटाच्या वर. एक तळवा पुढे एक मागे धरला की बार गरगर फिरून सुटत नाही, पण मग ज्या हाताचा तळवा पुढे आहे त्याचा कोपर थोडाही वाकवून ओढायला गेलात तर बायसेप्स फाटायचा धोका असतो.

डेडलिफ्टचे प्रकारही आहेत. सुमोमध्ये दोन पायांत अंतर जास्त, धड जास्त उभं, म्हणून पाठीवर ताण कमी आणि क्वाड्सवर जास्त. रोमानियनमध्ये गुडघा जवळपास तसाच ठेवायचा, मग हॅमस्ट्रिंगची खैर नाही. षटकोनी बारमध्ये तुम्ही मधोमध उभे, वजन अंगाच्या रेषेत येतं, नवख्या माणसाला मी तोच सांगीन, पण आमच्या जिममध्ये तो नाही.

काकांनी डॉक्टरांना विचारून परवा पहिल्यांदा मारली, नुसता २० किलोचा बार आणि दोन्हीकडे ५-५ किलो. अडचण अशी की स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो, आणि ५ किलोची लोखंडी प्लेट असते बशीएवढी, बार पार खाली जातो आणि कमरेतून वाकल्याशिवाय हात पोचत नाही. हलकं वजन म्हणून सोपं, पण वाकणं उलट जास्त! शेवटी दोन्हीकडे खाली २०-२० च्या प्लेट आडव्या रचून त्यावर बार ठेवला. आठ वेळा उचलला काकांनी, श्वास न कोंडता, सोडत सोडत. काल सकाळी भेटले तेव्हा जरा फेंगडे चालत होते, मी काही विचारलं नाही.