ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा हार्डवेअर विस्तार

ग्राफिंग कॅल्क्युलेटर हा समीकरणांचे आलेख काढण्यासाठी बनवलेला छोटा संगणकच असतो. त्याला जादा मेमरी, सेन्सर किंवा बाहेरचे सर्किट जोडून मूळ आराखड्यात नसलेली कामे करवून घेणे म्हणजे त्याचा हार्डवेअर विस्तार.

१९८५ साली आलेला कॅसिओ एफएक्स-७०००जी हा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर मानला जातो. प्रोग्रॅमसाठी त्यात जेमतेम ४२२ बाइट जागा होती, आणि जे काही भरायचे ते बोटांनीच. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या एचपी ४८एसएक्समध्ये (१९९०) कार्डांसाठी दोन खाचा आल्या. रॅम (कामाची मेमरी) कार्डात स्वतःचा बटण-सेल असल्यामुळे कार्ड काढले तरी माहिती टिकत असे. पुढच्या ४८जीमध्ये मात्र खाचाही नव्हत्या आणि रॅमही ३२ किलोबाइटच होती. तेव्हा हौशी लोकांनी त्याचे कवच उचकटून आत मोठी रॅम चिप सोल्डर केली.

खरी वाट उघडली ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कॅल्क्युलेटरांवरील २.५ मिलिमीटरच्या जॅकने. दिसायला तो हेडफोनचा वाटतो. त्यात दोन डेटा तारा आणि एक ग्राउंड एवढेच असते, आणि मोकळ्या असताना दोन्ही तारा ‘हाय’, म्हणजे वरच्या व्होल्टेजवर, असतात. पाठवणारा ० साठी एक तार खाली (शून्य व्होल्टकडे) ओढतो, १ साठी दुसरी. घेणारा उरलेली तार खाली ओढून पोच देतो. मग पाठवणारा आपली तार सोडतो आणि पाठोपाठ घेणाराही. प्रत्येक बिटाला अशी पोच मिळत असल्याने दोघांचा वेग जुळावा लागत नाही. या मांडणीचे मोल फार मोठे आहे, कारण साध्या मायक्रोकंट्रोलरवर (एकाच चिपमधल्या छोट्या संगणकावर) थोडक्या ओळींत ती लिहिता येते. १९९४ च्या सीबीएल या सेन्सर जोडायच्या उपकरणाने याच जॅकमधून तापमान, प्रकाश, व्होल्टेज यांची मोजमापे वर्गात आणली. पुढे आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाद्वारे विजेच्या मोटर आणि रिले (विजेने चालणारे स्विच) चालवणारेही निघाले. जुन्या मॉडेलांत तारांवर सुमारे ५ व्होल्ट असतात, म्हणून ३.३ व्होल्टचा बोर्ड जोडताना मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवाच.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्याच टीआय-८४ प्लसला (२००४) यूएसबी पोर्ट मिळाले. वापरकर्त्यांनी स्वतः ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लिहून त्यावर पेन ड्राइव्ह वाचून दाखवले.

प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या ‘क्लॉक’ सर्किटातला कपॅसिटर बदलून प्रोसेसर जास्त वेगाने चालवण्याचा प्रकारही बराच चालला. फायदा मर्यादित: बॅटरी लवकर संपते, आणि स्क्रीन चालवणारी चिप मागे पडली की चित्र विस्कटते.

परीक्षेत फेरफार केलेले यंत्र सहसा चालत नाही.

२०१७ च्या नमवर्क्स या कॅल्क्युलेटरचा सोर्स कोड आणि हार्डवेअरचा तपशील कंपनीने खुला ठेवला. एका प्रयोगात त्याच्या कवचात रास्पबेरी पाय झिरो हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक बसवण्यात आला. कॅल्क्युलेटर दाबलेल्या बटणांची खबर पायला देतो, पाय त्याच्याच स्क्रीनवर चित्र रंगवतो, आणि हातातल्या कॅल्क्युलेटरवर लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते.