एमएस, व्यायाम आणि मेंदू: नव्वद सेकंदांची मोजपट्टी

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण झिजतं. त्याच्या रुग्णांना 'दमू नका' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. श्रमानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते, ही नोंद एका जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये केली होती. कारण श्रमात नसून शरीराच्या वाढलेल्या उष्णतेत आहे, हे पुढे कळलं. मायलिन हे आवरण झिजलेल्या तंतूत अर्धा अंश तापमान वाढलं तरी संदेश अडखळू शकतो. अंग निवलं की नजर पूर्ववत होते. पण व्यायामाने आजार भडकतो ही धास्ती काही केल्या जाईना.

1996 मध्ये 54 रुग्णांच्या चाचणीत 15 आठवडे, आठवड्यातून 3 वेळा, 40-40 मिनिटं हातापायांनी सायकल चालवून घेतली. दमसास वाढला, अपंगत्व वाढलं नाही. 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा 30 मिनिटांचा मध्यम एरोबिक व्यायाम आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम आला. त्यांचा पाया मात्र तंदुरुस्ती हा होता, बुद्धी नव्हे.

मग व्यायामाने मेंदूचं कार्य सुधारतं का? खरा गुंता 'मेंदूचं कार्य' या शब्दातच आहे. बहुतेक अभ्यासांत त्याचा अर्थ एका चाचणीतले गुण एवढाच उरतो. कागदावर वर 9 चिन्हं आणि त्यांचे अंक. खाली चिन्हांच्या ओळी. 90 सेकंदांत जितके अंक बरोबर सांगाल तितके गुण. यातून विचारांचा वेग कळतो, स्मरणशक्ती जवळपास नाही. डोळे थरथरत असतील किंवा जीभ जड असेल तर बुद्धी शाबूत असूनही गुण घटतात. तोच कागद पुन्हा दिला तर सरावानेच गुण वाढतात, म्हणून पर्यायी नमुने वापरावे लागतात. व्यायामानंतर लगेच, अंग तापलेलं असताना घेतलेली चाचणी तर मोजायचीच नाही. शिवाय जुन्या अभ्यासांत अनेकदा बुद्धीची तक्रार नसलेलेच रुग्ण घेतले जात. जिथे घट नाही तिथे सुधारणा दिसणार कुठून?

स्मृतीकडे पाहणारा 2014 चा एक अभ्यास खूप गाजला. सायकल चालवणाऱ्याचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग, 16.5 टक्के वाढला होता. पण अभ्यासात रुग्ण होते दोनच, आणि सायकलवर त्यांतला एक.

2023 च्या मोठ्या चाचणीत बुद्धीची तक्रार नसलेले रुग्ण निवडण्याची चूक टाळली. सतत वाढत जाणाऱ्या प्रकारच्या एमएसचे, विचारांचा वेग मंदावलेले 311 रुग्ण, 6 देश, 12 आठवडे. संगणकावरचा बौद्धिक सराव आणि एरोबिक व्यायाम एकत्र दिल्याने वेगात जास्तीची भर पडली नाही. 'व्यायाम मेंदूला निरुपयोगी' असा त्याचा अर्थ लावणं चुकीचं आहे. मुख्य मोजमाप पुन्हा तीच 90 सेकंदांची चाचणी होती, आणि ज्यांचा आजार झटक्यांनी येतो आणि मधे ओसरतो असे रुग्ण त्यात नव्हतेच.