मूलपेशी मूलपेशीच का राहते? प्रथिनांच्या संगतीची पार्श्वभूमी

रावेर-यावलकडे केळीची टिश्यूकल्चर रोपं आता घरोघरी माहीत आहेत. पूर्वी मुनवे उकरून लावायचे. आता बाटलीतल्या आगरवर एकाच कोंबाला झुबकेच्या झुबके फुटतात. माध्यमात सायटोकायनिन हे वनस्पती-संप्रेरक जास्त असेल तर कोंबच फुटत राहतात, ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पारडं जड झालं की मुळं सुटतात. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतीवर हे दाखवलं. जळगावात बीएस्सीच्या मुलांना भ्रूणीय मूलपेशी (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या भ्रूणातल्या पेशी) शिकवताना मी हीच बाटली टेबलावर ठेवते. पेशीने वाढत राहावं पण बदलू नये, हे ठरवतं कोण?

प्राण्यांच्या बाबतीत शोध सुरू झाला तो १९८१ पासून. केंब्रिजला मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी मिळवल्या. त्यांच्याखाली दुसऱ्या पेशींचा थर अंथरावा लागे. तो काढला की मूलपेशी बदलू लागत. त्या थरातून येणारं प्रथिन १९८८ मध्ये ओळखलं गेलं: एलआयएफ. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या दोन वेगळ्या ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, एकत्र आणतं. ग्राहींना चिकटलेली जॅक विकरं त्यामुळे जागी होतात, स्टॅट३ या प्रथिनावर फॉस्फेट चढतो, दोन स्टॅट३ जोडीने केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात.

केंद्रकात ऑक्ट४ हे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन असतं. २००० मध्ये हितोशी निवा आणि सहकाऱ्यांनी त्याचं प्रमाण हलकेच कमी-जास्त करून पाहिलं. दुपटीहूनही कमी वाढ झाली, तरी पेशी एका वाटेने बदलल्या. घटलं तर वारेच्या बाजूच्या पेशी झाल्या. इतक्या बारीक मापावर सगळा जीव तोललेला आहे, हे वाचताना मी आजही थांबते.

२००३ मध्ये नॅनॉग हे असंच आणखी एक प्रथिन सापडलं. नाव आयरिश दंतकथेतल्या चिरतारुण्याच्या देशावरून. पण खरं वळण २००६ चं. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत जियानलाँग वांग यांनी नॅनॉगला बायोटिन या जीवनसत्त्वाची खूण जोडली. बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाने नॅनॉग ओढलं, आणि भुईमुगाचा वेल उपटावा तशी सोबतची प्रथिनं लगडून आली. त्यांत ऑक्ट४ होतं, तशीच जनुकं मिटवून ठेवणाऱ्या संकुलांतली प्रथिनंही. म्हणजे ‘मूलपेशी राहा’ म्हणणारी आणि ‘दुसरं काही होऊ नको’ म्हणणारी प्रथिनं एकाच जाळ्यात गुंतलेली होती. तोवर ‘कोणतं प्रथिन?’ असं विचारलं जाई, त्यानंतर ‘कोणाच्या संगतीत?’ हे विचारणं भाग पडलं. नॅनॉगला तर स्वतःच्याच दुसऱ्या रेणूशी जोडी जमवावी लागते, हे २००८ मध्ये दिसलं.

मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. हे बरंचसं उंदराचं आहे. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणीय मूलपेशी मिळवल्या, तेव्हा एलआयएफने त्या टिकेनात. त्यांच्या माध्यमात आज एफजीएफ२ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन घालतात.